आपल्या दमावर

मालगुजारी गेली त्याच्या तिसऱ्या वर्षी सरकारने आमचा तलाव दुरुस्त केला, आणि तेव्हापासून तो बिघडला. त्याआधी तो कोणी दुरुस्त केला नव्हता. त्यामुळे चालत होता.

आमच्याकडे तलावाचं पाणी धानाला सोडायचं तर तुडूम काढावं लागतं. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातून एक दगडी नाली शेताकडे गेलेली असते. तलावाच्या अंगाला तिला एकाखाली एक अशी तीन भोकं, आणि प्रत्येक भोकात मांडीएवढी जाड लाकडी खुंटी, तेच तुडूम. पाणी वर असलं की वरची खुंटी काढायची, उतरलं की मधली, तळाशी गेलं की खालची. दुरुस्तीला आलेल्या मंडळींनी उन्हाळ्यात वरची दोन भोकं पाहिली, ‘गळती’ असा शेरा मारला आणि सिमेंटने बुजवून टाकली. खालचं भोक गाळपाण्यात होतं. दिसलं नाही म्हणून वाचलं.

त्या साली आश्विनात पाऊस एकाएकी थांबला. धान पोटरीवर आलेलं, तलाव काठोकाठ भरलेला, आणि त्यातलं पाणी बाहेर काढायचा एकच रस्ता दोन पुरुष खोल पाण्याखाली. तुडूम काढायचा मान मासे धरणाऱ्या मुखरू ढिवराच्या घराचा. आजा काढायचा, बाप काढायचा, आता मुखरू. मान म्हणजे फार काही नाही. पाट वाहायला लागला की मालगुजार स्वतःच्या हाताने मुखरूच्या कपाळाला टिळा लावत आणि आपल्या सतरंजीवर बसवून चहा पाजत. वर्षातले बाकीचे दिवस त्या सतरंजीला मुखरूचा पाय लागलेला कोणाला खपला नसता. मालगुजारी गेली, पण सतरंजी राहिली होती, आणि टिळाही. मुखरूच्या हिशेबी त्याचं वर्ष त्या दिवशी सुरू व्हायचं आणि त्याच दिवशी संपायचं.

मुखरू पन्नाशी ओलांडून गेला होता. आमच्याकडे बुडीचं माप बिडीवर असतं. बुडणारा आत गेला की पाळीवरचा कोणी बिडी पेटवतो, आणि तो वर येईपर्यंत किती जळली ते बघतात. मुखरू ऐन उमेदीत असताना अर्धी बिडी सहज जळायची. त्या आश्विनात तो तीनदा बुडाला, तिन्ही वेळा खुंटीला हात लावून वर आला. बिडी पेटते न पेटते तोच.

“अगा मुखरूभाऊ,” कोणीतरी पाळीवरून म्हणालं, “एवढ्यात तं मानूस खोकूनबी होत नाई!”

त्याचा चुलतपुतण्या बिरजू शेजारीच बसला होता. विशीतला पोरगा, छाती ढोलासारखी. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

संध्याकाळी बापूजींच्या ओट्यावर बैठक बसली. बापूजी म्हणजे आमचे शेवटचे मालगुजार. बिरजूने काढावं असं बहुतेकांचं मत होतं. मुखरू खांबाला टेकून बसला होता. त्याची बायको वच्छला मागे बायांमध्ये.

“काढू दे त्याले,” मुखरू म्हणाला. “पन मी जित्ता असतानी काढलं तं टिळा कोनाच्या कपाळाले लावान बापूजी? त्याच्या का माझ्या?”

तेवढ्यात बापूजींचे चिरंजीव गुणवंतराव आतून एक कॅनव्हासची पिशवी घेऊन आले.

गुणवंतराव नागपूरला बी.एस्सी. झाले होते. मालगुजारी गेल्यावर आपलं ज्ञान गावाला द्यावं असं त्यांच्या मनात होतं, आणि गावाला ते चुकवता येत नव्हतं. शिवाय त्यांना लिलावांचा नाद होता. लढाई संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये त्यांनी एक पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र घेतलं होतं. छातीवर बांधायची रबरी पिशवी, कमरेला पोलादी बाटली, मध्ये चुन्याच्या खड्यांचा डबा, तोंडात धरायची नळी, नाकाला चिमटा. इतकी वर्षं ते कपाटात होतं, कारण आमच्या गावात समुद्र नाही.

“हे लावून मुखरूभाऊ पाण्याखाली तासभर राहतील,” गुणवंतराव म्हणाले.

“तासभर तं मी घरातबी नाई राहात,” मुखरू म्हणाला. पण तो खांब सोडून पुढे सरकला होता.

यंत्र लावून काढलेलं तुडूम रीतीत बसतं का, यावर बराच वाद झाला. शेवटी सगळे बापूजींकडे वळले. दोन्ही पक्षांना आपलं म्हणून घरी नेता येईल असं वाक्य बोलण्यात बापूजींची हयात गेली होती.

“यंत्र लाव नाहीतर पंख लाव,” बापूजी म्हणाले. “पण रीत ती रीत. तुडूम आपल्या दमावर काढलं पाहिजे.”

गुणवंतरावांनी याचा अर्थ परवानगी असा घेतला. बिरजूच्या बाजूच्यांनी नकार असा घेतला. मुखरूने ते वाक्य जसंच्या तसं घेतलं.

शिकवणी गुणवंतरावांच्या विहिरीवर झाली. गुणवंतराव अर्धवट माणूस नव्हते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी बाटली नागपूरहून ताज्या प्राणवायूने भरून आणली, चुन्याचा सीलबंद डबा फोडून हलवून पाहिला, पिशवी पाण्यात दाबून भोकं शोधली, आणि आधी स्वतः विहिरीत बसून आले.

“मुखरूभाऊ, पाण्याखाली दम का लागतो, सांगा बरं?”

“हवा सरते म्हून.”

“इथंच सगळं जग फसतं. हवा सरते म्हणून नाही. आपण श्वास सोडतो त्यात एक धूर असतो. तो आत कोंडला की जीव घाबरतो. घरात चुलीचा धूर कोंडल्यासारखं. हा चुना तो धूर खातो.”

“चुना हाय,” मुखरू डब्यात डोकावत म्हणाला. “मंग तंबाखू कोन देईल?”

“हसू नका, नीट ऐका. धूरच राहिला नाही की दम लागत नाही. दम म्हणजे घरचं कुत्रं समजा. हे यंत्र त्या कुत्र्याला झोपवतं. चोर आला तरी ते भुंकणार नाही. म्हणून दार आपण आधीच लावून घ्यायचं. कसं? सगळ्यात आधी छातीतला दम पूर्ण सोडायचा. पिशवी ओढून चपटी करायची. मग ही तोटी फिरवून बाटलीची हवा घ्यायची. पुन्हा नाकावाटे बाहेर सोडायची. असं तीनदा. म्हणजे आपली हवा गेली, बाटलीची आली. मगच चिमटा लावायचा. पाण्याखाली पिशवी चपटी वाटली की तोटी पुन्हा फिरवायची. सांगा, पहिल्यांदा काय करायचं?”

मुखरूने विहिरीकडे पाहिलं, मग वच्छलाकडे. वच्छलाने मान फिरवली.

“भाऊ,” ती म्हणाली, “पान्याच्या काठी असं नोका बोलू. दम सोड म्हने! मेल्या मानसाले म्हनतात तसं.”

“वहिनी, तो दम वेगळा.”

“दम एकच असते,” वच्छला म्हणाली.

विहिरीत मात्र सगळं नीट पार पडलं, कारण प्रत्येक पायरीला गुणवंतराव शेजारी उभे राहून स्वतःच तोटी फिरवत होते. मुखरू पाण्याखाली बसून आला आणि बाहेर येऊन म्हणाला, “गजब हाय, भाऊ.” गुणवंतरावांना तेवढं पुरलं.

तुडूम काढायच्या दिवशी पाळीवर सारं गाव. मोहाच्या झाडाखाली सतरंजी अंथरलेली, कुंकवाची वाटी झाकलेली. पाळीवरच्या देवीला नारळ फोडायला मुखरू एकटाच गेला. ढिवराने पाण्यात उतरण्यापूर्वी देवीशी एकट्यानेच बोलायचं असतं. पिशवी त्याच्या छातीवर बांधलेली होती, नळी गळ्यात. तो पाठमोरा बसला, वाकला, आणि बराच वेळ वाकलेला राहिला. खांदे खालीवर होताना दिसत होते. गावाला वाटलं, रडतो आहे. मोठी गोष्ट आहे, रडेल.

तो परत आला तेव्हा पिशवी टंच फुगलेली होती.

“शाब्बास!” गुणवंतराव म्हणाले. “एकट्यानं केलं! सगळं सांगितल्यासारखं?”

मुखरूच्या तोंडात नळी होती. त्याने मान हलवली.

कमरेला दोर बांधून, पोटाशी दगड घेऊन, भोकापाशी रोवलेला बांबू धरत तो खाली गेला. दोराचं दुसरं टोक वच्छलाच्या हातात. कोणीतरी सवयीने बिडी पेटवली. पाव जळली, लोक हसून एकमेकांकडे बघायला लागले. अर्धी जळली तेव्हा हसणं थांबलं, आणि तेवढ्यात पाळीच्या पलीकडून ओरडा आला, “आलं गा आलं! पानी आलं!”

नालीच्या तोंडातून लालसर पाणी धडधडत पाटात पडत होतं. सारं गाव पाळीवरून पलीकडे धावलं. बापूजी कुंकवाची वाटी हातात घेऊन उभे राहिले. तलावाच्या अंगाला उरले तिघे: वच्छला, गुणवंतराव आणि बिरजू. बिरजूला ते पाणी बघायला जावंसं वाटलं नाही, एवढंच.

“भाऊ,” वच्छला म्हणाली, “बुडबुडे काऊन नाई येऊन राह्यले?”

“येतच नाहीत, वहिनी. तेच तर या यंत्राचं वैशिष्ट्य. सोडलेला श्वास बाहेर जातच नाही, पिशवीतच फिरतो. लढाईत शत्रूला पत्ता लागू नये म्हणून असं केलेलं.”

“पन इथी कोन शत्रू हाय?”

गुणवंतराव हसले. समाधानाने ते सपाट पाण्याकडे बघत राहिले. यंत्र उत्तम चाललं होतं.

“काम झालं, तं वर काऊन नाई येत?”

“येतील. घाई नाही आता त्यांना.”

वच्छलाने दोर हलवला. दोर हलला, पण खालून उलटा झटका आला नाही. तिने पुन्हा ओढला. मग तिने गुणवंतरावांकडे न बघता बिरजूकडे पाहिलं. बिरजूने अंगातला सदराही काढला नाही.

तो मुखरूला घेऊन वर आला तेव्हा मुखरूचे ओठ जांभळासारखे झाले होते. नळी तोंडात घट्ट, एका हातात खुंटी, आणि चेहऱ्यावर झोपेत हसणाऱ्या बाळासारखं काहीतरी. गुणवंतरावांनी त्याला पालथं घातलं, पाठ दाबली, हात वर ओढले, पुन्हा दाबली. हेही ते पुस्तकातून शिकले होते, आणि हे त्यांनी अगदी बरोबर केलं. मुखरू खोकला. वच्छला ओरडली, ती पहिल्यांदाच. पलीकडे पाटावर पोरं पाणी उडवत होती.

बापूजींनी टिळा लावला. सतरंजी मुखरूपर्यंत आणली, कारण मुखरूला सतरंजीपर्यंत जाता येईना. चहा त्याच्या हनुवटीवरून सांडला. मान राहिला. सगळ्यांनी तसंच म्हटलं.

गुणवंतरावांनी घरी जाऊन यंत्र उघडलं. बाटलीची तोटी जरा फिरवली तर हवा फुस्सकन बाहेर आली. बाटली भरलेलीच होती. मुखरूने ती वापरलीच नव्हती.

आठ दिवसांनी मुखरू उठून बसायला लागला, तेव्हा ते त्याच्या झोपडीत गेले. वच्छलाने बाज पुढे केली आणि ती दारात बसून राहिली.

“पिशवी कशानं भरली होतीत, मुखरूभाऊ?”

“माझ्या दमानं,” मुखरू म्हणाला. “देवीपाशी बसून फुकली. चार-पाच दमात टंच झाली पाहा. मले वाटलं नव्हतं एवढी छाती हाय म्हून.”

“पण मी सांगितलं होतं...”

“सांगतलं होतं. पन बापूजी म्हनले, आपल्या दमावर. बाटलीची हवा घेऊन काढलं तं मंग मान बाटलीचा. बिरजूच म्हनला असता. म्हून म्हनलं, यंत्र तुमचं राहू दे, दम माझा राहू दे.”

गुणवंतरावांनी पुन्हा समजावून सांगितलं. या वेळी सावकाश. साध्या हवेतला प्राणवायू म्हणजे पाचातला एक हिस्सा, तोही आपण फुकून सोडतो तेव्हा आणखी कमी झालेला. बाकीची हवा कसल्याच कामाची नाही, आणि ती सरतही नाही. मुखरूने खाली खुंटी हलवली, त्या कष्टात पिशवीतला प्राणवायू सरला. धूर चुन्याने खाल्ला. उरलेली निकामी हवा मात्र पिशवी फुगलेलीच ठेवत राहिली. पिशवी चपटी होईना, म्हणून तोटी फिरवायची आठवण नाही. धूर नाही, म्हणून दम लागला नाही. दिव्यातलं तेल सरावं तसा माणूस विझला.

“कुत्र्याचं मी सांगितलं,” ते म्हणाले. “दार लावायचंही सांगितलं. चोर कोण ते सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, त्यात काय सांगायचं.”

“चोर कोन?”

“तुमचाच श्वास.”

मुखरूला हे हसण्यासारखं वाटलं, पण हसायला त्याला अजून त्रास होत होता.

“तुमी सांगतलं असतं तरी मी ऐकलं नसतं, भाऊ,” तो म्हणाला. “आपल्याच दमाले कोन चोर म्हनते?” मग जरा लाजल्यासारखा तो पुढे बोलला. “पन खाली गजब बरं वाटून राह्यलं होतं. खुंटी निघाली, हातात आली. उमर गेली पान्यात, पन घाई नाई असं कधी झालंच नव्हतं. म्हनलं, बसू जरासं.”

दारात वच्छला उठून चुलीकडे गेली.

धान भरलं. कार्तिकात लोंब्या वाकल्या आणि बांध्यांतलं, म्हणजे धानाच्या खाचरांतलं, पाणी तोडायची वेळ आली. पाणी असंच वाहत राहिलं तर उभं पीक आडवं होतं. म्हणजे तुडूम पुन्हा लावायचं. याची रीत काढण्यापेक्षा साधी आहे. ज्याने काढलं त्याने लावायचं. आणि ज्याच्या हातून लागलं, पुढच्या साली काढणंही त्याच्याकडे. लावायला टिळा नाही, सतरंजी नाही. पाळीवर फार कोणी येतही नाही.

तलाव तोपर्यंत बराच उतरला होता. भोकावर आता जेमतेम पुरुषभर पाणी. म्हातारं माणूसही लावून येईल. मुखरू चालता-फिरता झाला होता, जेवत होता, जाळं टाकत होता. यंत्राचं कोणी नाव काढलं नाही. तो खुंटी बगलेत घेऊन उतरला, छाती भरून घेतली, गेला, आणि लगेच वर आला.

“काऊन गा?” काठावरून कोणीतरी विचारलं. “दम लागला का?”

“नाई लागला.”

“मंग?”

“नाई लागला म्हून तं आलो.”

चार माणसं होती, चारही हसली. मुखरू हसला नाही. तो पुन्हा गेला, पुन्हा तसाच आला. तिसऱ्यांदा तर नुसतं डोकं बुडवून आला. गुणवंतराव काठावर होते. त्यांना कळलं, पण कळून करण्यासारखं काही नव्हतं. जन्मभर या माणसाला पाण्याखाली एकच गोष्ट ठाऊक होती: छातीत आग उठली की वर जायचं, आणि ती उठेपर्यंत काही भीती नाही. आता आग नसणं हेही भीतीचंच झालं होतं. मग खाली थांबायचं ते कशाच्या भरवशावर?

“इथी तं मानसाची उंची हाय फक्त,” काठावरचा एकजण म्हणाला. “माझं पोट्टं लावून येईल.”

“मंग धाड तुझ्या पोट्ट्याले,” वच्छला म्हणाली.

मुखरू कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने बिरजूला हाक मारली आणि खुंटी पुढे केली.

“काका, तुमीच लावा ना,” बिरजू म्हणाला. “उद्या लावा. एका दिवसानं का होते?”

“धान लोळल ना बे.”

“पन मी लावलं तं पुढच्या साली...”

“मले सांगतं का रीत? घे.”

बिरजूने खुंटी घेतली. त्याला आनंद झाला असेल तर तो त्याने चांगला लपवला. त्याच्या कमरेला दोर बांधायची काही गरज नव्हती, एवढ्या पाण्यात कोणी बांधत नाही. पण मुखरूने बांधला, दोन गाठी मारल्या, आणि टोक स्वतःच्या मुठीत धरलं. बिरजू खाली गेला. पाण्यावर दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. मुखरूने दोर ओढला. नुसता हलवला नाही, दोन्ही हातांनी ओढला, विहिरीतून घागर काढावी तसा.

बिरजू तोंडाने पाणी उडवत वर आला. खुंटी हातातच.

“काका! लावू तं द्या!”

“बरं वाटून राह्यलं होतं का तुले खाली?” मुखरूने विचारलं.

“बरं कायचं वाटते? भोकात बसूनच नाई राह्यली ते.”

तो पुन्हा गेला. मुखरूने पुन्हा ओढला. या वेळी कोणी हसलं नाही. पलीकडे पाट वाहतच होता, आणि पिकलेल्या धानात पाणी चढत होतं. वच्छला लुगडं खोचून पाण्यात उतरली, मुखरूजवळ गेली आणि म्हणाली, “आना इकडं.” त्याने लगेच दिला नाही. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली, दोर घेतला आणि ढिला सोडला.

“जाय बिरजू,” ती म्हणाली.

बिरजू गेला. वच्छला पाण्याकडे बघत होती, गुणवंतराव पाळीवरून पाटाकडे. पाटाचं पाणी ओसरायला लागलं. मुखरू तसाच उभा राहिला. रिकामे हात कुठे ठेवावेत, हे त्याला पाण्यात कधी ठरवावं लागलं नव्हतं. थोडा वेळ त्याने ते पाण्यावर टेकवून ठेवले, मग छातीवर घडी घातली, मग पुन्हा पाण्यावर.